काळ्या मण्यांची ओळ

बकरा कापून झाला होता. विधवा माझोंडीने वर्षभर अंगावर वागवलेले काळे कपडे जाळून झाले होते आणि गोठ्यामागे त्यांची राख अजून धुमसत होती, तेवढ्यात लुंगाची पिकअप धूळ उडवत टेकडी चढून आली.

"आला शहाणा," डुमिसानी म्हणाला. "बापाचं सुतक फिटल्यावर."

त्याची बहीण बोनी गवताच्या लांब गाळणीतून ज्वारीची बिअर गाळत होती, हात कोपरापर्यंत भिजले होते. थोरला भाऊ सकाळपासून असाच धुमसत होता. वडील गेल्यावर माबासोंच्या घराचा कर्ता तो झाला खरा, पण रिवाजाप्रमाणे गोठ्यात मांस खात बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याने आज त्याला काही ना काही ऐकवलं होतं. आता त्यालाही कुणाला तरी ऐकवायचं होतं.

धाकटा भाऊ लुंगा टोपी काढून खाली मान घालून गोठ्याकडे गेला. दुसऱ्या बाजूने त्याची बायको फिकिले उतरली. उंच टाचांचे बूट तिने गाडीतच ठेवले होते, डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल. चार वर्षांत एवढं ती शिकली होती. सासूच्या चटईसमोर गुडघे टेकून ती म्हणाली, "आई, माफ करा. दुकान उघडल्याशिवाय माल मिळणार नव्हता, आणि मला रिकाम्या हातांनी यायचं नव्हतं."

"माणूस पायांनी येतो, हातांनी नाही," बोनीच्या कानाशी माशेझी पुटपुटली.

माशेझी डुमिसानीची बायको. शेझींची लेक म्हणून माशेझी, तशी सासू झोंडींची लेक म्हणून माझोंडी. फिकिलेला मात्र सगळे फिकिलेच म्हणत. तिच्या माहेरचं नाव तोंडात बसावं इतकी ती इथे कधी राहिलीच नव्हती. बोनी आणि माशेझी चुलीवरून, सरपणावरून, पाण्याच्या डब्यांवरून बारा वर्षं भांडत आल्या होत्या. पण फिकिले डर्बनहून आली, की दोघींची नजर आपोआप एकमेकींना शोधायची.

"बघू तरी काय आणलंय," माझोंडी म्हणाली. आज तिने पुन्हा रुंद लाल टोपी घातली होती. वर्षभर काळ्यात दिसलेला तिचा चेहरा त्या टोपीखाली जरा अनोळखी वाटत होता.

फिकिलेने खोकी उघडली आणि शेजारपाजारच्या बाया चटया ओढत पुढे सरकल्या. आधी निघाल्या बोटाएवढ्या काचेच्या नळ्या, एकेक रंगाने काठोकाठ भरलेल्या. पोपटी, गर्द हिरवा, गुलाबी, पांढरा, काळा. तुगेला फेरी गावच्या बाजारात पुडीत मिळणारे मणी एक जाड, एक बारीक असे यायचे. निवडता निवडता अर्धा दिवस जायचा. हे मणी एका साच्यातून पडल्यासारखे होते. बोनीने चार तळहातावर घेतले, अंगठ्याने फिरवले. एकही वाकडा नव्हता. असे मणी हाताखाली आले तर काय काय करता येईल!

मग केसासारख्या लवचीक सुया. दातांनी तुटणार नाही असा दोरा. टोक वळवायच्या पकडी, गळ्यामागे अडकवायच्या चापाच्या कड्या, मणी विणायचा वीतभर रुंदीचा लोखंडी माग. आणि एक लाकडी वाटी, मधे दांडी असलेली. फिकिलेने तीत मणी ओतले, दांडी बोटांनी फिरवली, वाकडी सुई धरली, आणि मणी आपले आपण सुईवर चढत गेले.

"अगं बाई!" गोगो म्तेंबू ओरडली. शेजारच्या टेकडीवरची ही म्हातारी दात नसतानाही सर्वांत मोठ्याने हसायची. "हे तर घुसळण झालं! लोणी कधी निघायचं?"

सगळ्या हसल्या. बोनीही हसली.

शेवटी निघाला दिवा. लवचीक मानेचा, बशीएवढ्या भिंगाभोवती पांढरा उजेड देणारा, बॅटरीवर चालणारा. फिकिलेने तो सासूसमोर ठेवला, तिच्या हातात सुई दिली, भिंगाखाली एक काळा मणी ठेवला. माझोंडीची नजर बरेच दिवस झाले मण्यापुरती गेली होती. माणसं दिसायची, डोंगर दिसायचा, मण्याचं भोक दिसायचं नाही. ज्या बाईने या खोऱ्यातल्या निम्म्या नवऱ्या मुली सजवल्या, ती हल्ली शेंगा सोलत बसायची.

तिने भिंगातून पाहिलं. सुई पुढे नेली. मणी सुईवर चढला.

"दिसलं," ती हळूच म्हणाली. मग मोठ्याने, "भोक दिसलं गं मला!"

बायांनी जिभा हलवून आनंदाची किलकारी दिली. माझोंडीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि बोनीच्याही. तिने फिकिलेचा हात घट्ट दाबला. "बरं केलंस. खरंच बरं केलंस." ते तिने मनापासून म्हटलं होतं. नंतर तिला स्वतःचा सगळ्यात जास्त राग आला तो याच वाक्यासाठी.

"आता हे बघा," फिकिले म्हणाली. कागदात गुंडाळलेला एक गळपट्टा तिने उलगडला.

बोनीने तो लगेच ओळखला. हिरव्या त्रिकोणांच्या रांगा आणि त्यांच्यामधून वाकडी जाणारी काळ्या मण्यांची ओळ. हा नमुना दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिचा ठरलेला नवरा बेकी जोहान्सबर्गच्या खाणीवर गेला होता त्या दोन हिवाळ्यांत तिने तो बसवला होता, स्वतःच्या लग्नासाठी. काळी ओळ म्हणजे तो ज्या रस्त्याने गेला तो रस्ता, हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. नवरीसाठी वराने द्यायच्या गाईंपैकी अर्ध्या बेकीच्या घरून येऊन गोठ्यात बांधल्या होत्या. मग बेकी परत आला तो दुसरी बायको घेऊन. गळपट्टा ट्रंकेत पडला. लुंगाच्या लग्नात आई म्हणाली, 'कुजवतेस कशाला, नव्या नवरीला दे,' आणि बोनीने दिला.

पण हा तो नव्हता. हा नव्या मण्यांचा होता, मागावर विणलेला, चकचकीत. आणि चुकलेला. काळी ओळ एका रांगेतून खालच्या रांगेत उतरते, तिथे ती तुटली होती.

"हा कुणी केला?"

"डर्बनच्या दोन मुलींनी. माझ्याकडे काम करतात," फिकिले म्हणाली. तिच्या आवाजात उत्साह होता, तो तिने मुद्दाम आणलेला नव्हता. नणंदेला ती सिसी, म्हणजे ताई, म्हणायची. "सिसी, तिथे एक मोठं दुकान आहे. मी माझा गळपट्टा घालून गेले होते, तर मालकीण बघतच राहिली. किनाऱ्यावर जे सगळे विकतात ते तिला नको. जे दुसऱ्या कुणाकडेच नाही, तेच हवंय. हाच नमुना. गळ्यात, कानात, मनगटात. वर छोटं कार्ड लागणार, 'फिकिले माबासो' असं. फक्त तो उतार काही जमत नाही. म्हणून हे सगळं सामान इथेच आणलं. तुम्ही दाखवा, माशेझी आणि बाकीच्या विणतील, मी विकेन."

"माझा कुठे आहे?" बोनी म्हणाली.

"काय?"

"मी दिलेला. तो कुठे आहे?"

फिकिलेने शाल सावरली. "तो... उसवावा लागला, सिसी. दोरा कुठून कुठे जातो ते वरून दिसत नव्हतं. मणी आहेत सगळे. डब्यात जपून ठेवलेत."

गोगो म्तेंबूने तोंडाशी नेलेलं मडकं खाली ठेवलं.

"उसवला," बोनी म्हणाली.

"मला दिला होता ना तुम्ही? माझाच होता."

"तुला घालायला दिला होता. शेळी दिली होती का, सोलून बघायला?"

आवाज वाढला तसा डुमिसानी गोठ्याकडून आला, मागोमाग लुंगा. काय झालं ते माशेझीने दोन वाक्यांत सांगितलं, आणि ती दोन्ही वाक्यं बोनीच्या बाजूची होती. डुमिसानी सकाळपासून ज्याची वाट बघत होता ते त्याला मिळालं.

"लुंगा, बापाच्या विधीला उशिरा येतोस ते येतोस, वर बहिणीची वस्तू फाडून तिच्यावर बायकोचं नाव लावतोस? कुणाला विचारलंस?"

"दादा, आधी ऐकून तर घे," लुंगा म्हणाला. "काम इथेच चालणार आहे. आपल्या घरात. इथे शेड बांधायची म्हणतोय मी, नळ आणायचा म्हणतोय. घराचा कर्ता तू आहेस, तर सगळं तुझ्या देखरेखीखाली. कोण येतं, कोण जातं, कोण किती विणतं. माझं काय, मी डर्बनला."

"शेड?" डुमिसानी म्हणाला.

"पक्की. पत्र्याची."

डुमिसानीने अंगणाच्या वरच्या अंगाला पाहिलं, जिथे सपाट जागा होती. बोनी त्याच्या नजरेमागे गेली आणि तिला कळलं, भाऊ हातचा गेला.

"तसं म्हटलं तर," तो गळा खाकरून म्हणाला, "उसवायला नको होता. विचारायला हवं होतं. पण आता झालं ते झालं. बोनी, घराचं भलं होत असेल तर..."

"वा!" माशेझी म्हणाली. "गोठ्यातून येईपर्यंत वाघ होता, इथे येऊन मांजर झाला. आणि शेडमध्ये वाकून बसणार कोण? माझी पाठ. मला विचारलं का कुणी?"

"तू गप्प बस."

"गप्पच बसते मी. बारा वर्षं गप्पच बसलेय."

"बारा वर्षांत बारा क्षणही नाही," लुंगा पुटपुटला. एखाददुसरी बाई फिसकन हसली, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

फिकिले बोनीपुढे येऊन बसली. "सिसी, मी चोर नाही. मी किनाऱ्यावर चादर पसरून मणी विकलेत, पोटात पोर असताना. पाऊस आला की गुंडाळून पळायचं, गिऱ्हाईक नसलं की उपाशी घरी. लोक हातात घेऊन बघणार, नाक मुरडणार, टाकून जाणार. पहिल्यांदा कुणीतरी मला खुर्ची दिली बसायला. तुम्हाला काय वाटतं, मला तुमचं वाईट करायचंय?"

"नाही," बोनी म्हणाली. "तुला माझं वाईट करायचं नाही. तुझ्या हिशेबात मी नव्हतेच, फिकिले. वाईट करायला तरी माणूस आठवावा लागतो." तिने तो चकचकीत गळपट्टा चटईवर ठेवला. "उतार मी दाखवणार नाही."

लुंगाने आईकडे पाहिलं. डुमिसानीनेही. बोनीने पाहिलं नाही. आई आपल्याच बाजूची, याची तिला खात्री होती. ट्रंकेत गळपट्टा ठेवला त्या दिवशी आई तिच्या पाठीवर हात फिरवत बसली होती.

माझोंडी अजून भिंगाखालीच होती. सुईवर काळे मणी चढवत होती, काढत होती, पुन्हा चढवत होती. वर न बघता ती म्हणाली, "इकडे आण तो माग."

"आई?"

"आण गं फिकिले. उतार मला येतो. हिने बसवला तेव्हा दर संध्याकाळी माझ्यासमोर उसवत होती आणि पुन्हा करत होती. तेव्हा माझे डोळे होते."

आणि माझोंडीने तो केला. सर्वांसमोर. बोटं आधी अडखळली, मग त्यांना वाट आठवली. हिरवे तीन, काळा एक, सुई मागून, दोरा वळवून खाली, पुन्हा काळा. ओळ तुटली नाही. म्हातारीचा चेहरा त्या पांढऱ्या उजेडात तरुण दिसत होता. तिला मुलगी दिसत नव्हती, अंगण दिसत नव्हतं. तिला फक्त मणी दिसत होते, इतक्या दिवसांनी.

"आई, ते माझं आहे," बोनी म्हणाली.

माझोंडीने सुई थांबवली. "तुझं म्हणजे काय? लग्न होऊन गेली असतीस, तर तुझं तुझ्याबरोबर गेलं असतं. कुणी हात लावला नसता. गेली नाहीस. घरी राहिलेल्या लेकीच्या हातून जे होतं ते घराचं."

शेजारच्या बाया आपापल्या चटईकडे पाहू लागल्या. असं बोलणं चार भिंतींत होतं, माणसांत नाही, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि माझोंडीलाही ठाऊक असणार.

"मी गेले नाही," बोनी म्हणाली. "पण माझ्यापाठी आलेल्या गाई गेल्या ना? त्या कुठे गेल्या, आई? सांग की सगळ्यांना."

सांगायची गरज नव्हती. बेकीने शब्द मोडला, म्हणून त्याच्या गाई परत करायच्या नव्हत्या. दोन वर्षांनी त्याच गाई लुंगाच्या लग्नासाठी फिकिलेच्या बापाच्या गोठ्यात गेल्या होत्या.

"ते मला का ऐकवता?" फिकिले रडवेली झाली. "मी मागितल्या होत्या का?"

"तू मागितल्या नाहीस. तू काहीच मागत नाहीस. तुला सगळं आपलं आपण मिळतं."

"पुरे," डुमिसानी म्हणाला. "बापाच्या विधीचा दिवस आहे. आई बोलली, विषय संपला."

बोनी उठली. तिने ओले हात शालीला पुसले. ती निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं आणि डुमिसानीने तर वाट सोडण्यासाठी पाय मागे घेतला. पण ती खोक्याशी गेली. मण्यांच्या नळ्या उचलल्या, एक पोपटी, एक गर्द हिरवी, एक काळी. सुयांची पुडी घेतली, दोऱ्याचं रीळ घेतलं, आणि शेजारणींच्या मधोमध जाऊन बसली.

"गोगो म्तेंबू," ती म्हणाली, "तुमची नात कुठे आहे? बोलवा तिला. म्चुनूंच्या सुना आल्यात ना? या, पुढे या. ज्यांना ज्यांना हात आहेत त्यांनी या."

"काय करतेस?" लुंगा म्हणाला.

"शिकवते. घराचं आहे ना? मी घरचीच आहे. घरच्या माणसाने पाहुण्यांना काहीतरी द्यायला नको?"

सगळ्यांत आधी फिकिलेच्या लक्षात आलं. "सिसी, नको! दुकानाला दुसरीकडे मिळेल असा नको आहे. सगळ्यांना आला, तर पुढच्या आठवड्यात बाजारात लटकेल तो. मग मला कोण विचारणार?"

"तुला खुर्ची दिली त्यांनी. बसून राहा."

बाया क्षणभर बिचकल्या. त्यांनी माझोंडीकडे पाहिलं, डुमिसानीकडे पाहिलं. मग म्चुनूंची धाकटी सून पुढे सरकली, तिच्यामागे दुसरी, आणि गोगो म्तेंबू नातीचं मनगट धरूनच आली. बोनीने प्रत्येकीच्या तळहातावर मणी ओतले. ती स्वच्छ आवाजात सांगू लागली, शाळेतल्या बाईसारखी. तीन हिरवे. एक काळा. सुई मागून. आता खाली. नाही, इथून नाही, इथून.

रस्त्याबद्दल ती काही बोलली नाही. पण प्रत्येक उताराला तिला ते दोन हिवाळे आठवत होते. अंगणातल्या उन्हात बसून वरच्या वळणाकडे लागलेले डोळे, आणि टॅक्सी थांबली की उगाच हातातून सांडणारे मणी. म्चुनूंच्या सुनेने ओळ बरोबर उतरवली आणि आनंदाने ती वर धरली. "जमलं की!" तेव्हा बोनीला वाटलं, आपण आपलं मेलेलं माणूस उकरून गावभर वाटतोय. हात थांबवावेत असंही वाटलं. ती थांबली नाही.

"वेडी झालीस तू," आई चटईवरून म्हणाली. "स्वतःच्याच घराला आग लावलीस."

"कुणाच्या घराला?" बोनी म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली.

उन्हं डोंगराआड गेली तोवर बाया पांगल्या होत्या, कुणाच्या गळ्यात अर्धवट पट्टी, कुणाच्या मुठीत दोरा. फिकिलेने उरलेल्या नळ्या, माग, वाटी, पकडी सगळं गाडीत टाकलं होतं. ती कुणाशी बोलत नव्हती आणि लुंगा तिच्याशी बोलायला धजत नव्हता. दिवा तेवढा तिने मागितला नाही. मागितला असता तरी माझोंडीने दिला नसता, दोन्ही हातांनी तिने तो मांडीत धरला होता. वरच्या सपाट जागेत डुमिसानी एकटाच उभा राहून पायाने दगड बाजूला सारत होता.

बोनीने मक्याच्या पिठाचं मोकळं शिजवलेलं फुथू आणि दही वाढून आईपुढे ठेवलं. माझोंडीने ताटाला हात लावला नाही. तिने माशेझीला हाक मारली.

"माशेझी, तुझ्या नणंदेला सांग, मला भूक नाही."

"आई, मी इथेच आहे," बोनी म्हणाली.

"आणि तिला सांग, बिअरची मडकी धुवायची राहिलीत."

बोनीने मडकी धुतली. मग आईच्या गोल घरात गेली, आपली चटई गुंडाळली, पांघरूण घेतलं, आणि अंगण ओलांडून माशेझीच्या दारात येऊन उभी राहिली. सकाळी याच दारात सरपणावरून दोघींची जुंपली होती.

माशेझीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दारात नको टाकू. वारा लागतो. भिंतीकडे टाक."

बोनीने चटई टाकली, बसली. माशेझी पोरींना जेवायला घालत होती, दटावत होती, भांडी आपटत होती. मग ती येऊन शेजारी टेकली. आवाज खाली आणून म्हणाली, "ते खाली उतरताना, तीन हिरव्यांनंतर की चार? गर्दीत मला नीट दिसलं नाही."

बोनीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. माशेझीने शालीच्या टोकाची गाठ सोडली. तिच्यात मघाच्या नळ्यांमधले मणी होते, सगळे रंग एकत्र झालेले.

"तूसुद्धा," बोनी म्हणाली.

"मला दोन पोरी आहेत," माशेझी म्हणाली. तिने नजर चुकवली नाही.

दारातून अजून थोडा उजेड आत येत होता. बोनीने सुई घेतली. "तीन. आणि दोरा सैल ठेव. तू नेहमी आवळतेस."

"आवळते तर आवळते."

पलीकडून माझोंडीची हाक आली. "माशेझी! अगं, हा दिवा विझतोय बघ, ये जरा!"

बोनी सवयीने अर्धी उठली होती. तिने भिंतीला हात टेकला आणि पुन्हा खाली बसली. माशेझी शाल झटकत उठली, आणि बोनीने उघड्या दारातून तिला आईच्या घरात शिरताना पाहिलं.